अमेरिकेत सरकार शेतकऱ्याला पैसे कसं देतं? लबक काउंटीतल्या कापसाचा हिशेब

काळी_माती (धागाकर्ता)

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घरी सोळा एकर कोरडवाहू. सहा वर्षांपासून टेक्सासमधल्या लबकला राहतो, काम कापसाच्या वाणांच्या चाचण्यांचं. बाबांचा फोन आला की बोलणं पावसावरून भावावर येतं आणि भावावरून ठरलेल्या प्रश्नावर: "तिकडचं सरकार शेतकऱ्याले घरबसल्या पैसे देते म्हणतात, खरं हाय का?" इतकी वर्षं मी नुसतं "हो, देतं" म्हणून सोडून द्यायचो. ज्यांच्या शेतात आमच्या चाचण्यांचे पट्टे आहेत त्या आजोबांनी मागच्या हिवाळ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांची फाईल माझ्यासमोर उघडली. तेव्हा कळलं की मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. जे समजलं ते इथे लिहितोय, चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

आधी जागा कशी आहे ते. काउंटी म्हणजे आपल्या तालुका आणि जिल्ह्याच्या मधलं काहीतरी. लबक काउंटी सुमारे ९०० चौरस मैल, ताटासारखी सपाट. पाऊस वर्षाला जेमतेम १८-१९ इंच, यवतमाळच्या निम्मा. खाली ओगलाला हा भूजलसाठा, पण उपसा इतका झाला की कित्येक विहिरींचं पाणी उतरलंय आणि बागायती शेतं पुन्हा कोरडवाहू होत चाललीयत. पेरणी मे महिन्यात, वेचणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात यंत्रानं, तीही बोंडासकट ओरबाडून. २०२२ च्या दुष्काळात टेक्सासमध्ये पेरलेल्या कापसापैकी निम्म्याहून कितीतरी जास्त क्षेत्र वेचणीआधीच सोडून द्यावं लागलं. आजोबांच्या शेतात तेव्हा रोपं वीतभरही वाढली नव्हती.

आता पैसा. प्रत्येक काउंटीसाठी केंद्राच्या कृषी खात्याची एक कचेरी असते, फार्म सर्व्हिस एजन्सी, सगळे एफएसए म्हणतात. तिच्या दफ्तरी प्रत्येक शेताच्या नावावर 'बेस एकर' लिहिलेले असतात. काही दशकांपूर्वी त्या तुकड्यावर कोणतं पीक किती पेरलं जायचं त्याची ही नोंद. भावफरकाची रक्कम, म्हणजे ठरलेल्या भावापेक्षा बाजारभाव कमी पडला तर सरकार देतं ती, या बेस एकरांवर निघते. यंदा तिथे कापूस लावला, ज्वारी लावली की काहीच लावलं नाही, बहुतेक वेळा हिशेबात फरक पडत नाही. जमीन शेतीखाली राहिली म्हणजे झालं.

कायद्यात पिकाचा संदर्भ भाव ठरलेला असतो. कापसाचा होता पौंडाला ३६.७ सेंट, जुलै २०२५ च्या कायद्यानं तो ४२ सेंट केला. हा भाव रुईचा नाही, सरकीसकट कापसाचा. समजा देशभरची वर्षाची सरासरी ३३ सेंट निघाली. फरक ९ सेंट. शेताच्या नावावर ५०० बेस एकर, दफ्तरातला उतारा एकरी १,००० पौंड. गुणाकार ४५,००० डॉलर, त्याच्या ८५ टक्के म्हणजे ३८,२५० डॉलर. त्यातून ५.७ टक्के सक्तीची कपात. आणि हे पैसे लगेच मिळत नाहीत. विक्रीचं वर्ष संपल्यावरच सरासरी ठरते, म्हणून २०२५ च्या पिकाचे पैसे ऑक्टोबर २०२६ मध्ये.

मग मी ४२ सेंटचे रुपये केले. क्विंटलला साधारण ९२.६ डॉलर, डॉलर ८६ रुपये धरला तर ७,९५० च्या आसपास. आपल्याकडे २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११०. दोन देशांनी कापसाला दिलेला शब्द जवळपास सारखाच आहे! बाबांना हे सांगितलं तर ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आपल्याले तो भाव भेटते कधी?"

---

बाभूळबन

भाऊ, तुमच्या बाबांनी माझ्या तोंडचं वाक्य घेतलं. मी राळेगाव तालुक्यातला, नऊ एकर कापूस. हमीभाव कागदावर असते, पण तो घ्यायचा तर सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर जा लागते. यंदा तर आधी मोबाईलवर नोंदणी करा, मग तारीख भेटल. आठ टक्क्यांवर ओलावा गेला की पैसे कापतात, बाराच्या वर गेला की गाडी परत. दिवाळीले पैसा लागते तवा कापूस ओलाच असते. मग घरी आलेल्या व्यापाऱ्याले देऊन टाकतो, हजार-बाराशे कमीनं. त्या आजोबाले कापूस कुठं नेऊन दाखवा लागते काय?

---

काळी_माती

नाही, आणि हाच मोठा फरक आहे. आजोबा त्यांचा कापूस जिनिंगला देतात, रुई बाजारभावानं विकली जाते, सरकीतून जिनिंगचा खर्च निघतो. सरकार कापूस विकत घेत नाही. फरकाचा पैसा वेगळ्या वाटेनं थेट खात्यात येतो. ओलावा, प्रत, रांग, कशाचाच संबंध नाही.

---

जमाखर्च

चांगला धागा. मी ह्यूस्टनला असते, शेतकरी कुटुंबांचे आयकराचे कागद करते, त्यामुळे या रकमा दर वसंतात डोळ्याखालून जातात. तुमच्या हिशेबात एक भर घालते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

त्या भागात जमीन कसणारा आणि जमिनीचा मालक बहुतेक वेळा एक नसतो. जुनी रीत बटईची: कापसात मालकाचा चौथा हिस्सा, धान्यात तिसरा. अशा करारात सरकारी रक्कमही त्याच प्रमाणात वाटली जाते. रोख मक्ता असेल तर कायद्यानं सगळी रक्कम कसणाऱ्याची, कारण जोखीम त्याची. ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण मालकालाही ठाऊक असतं की या तुकड्यावर किती बेस एकर आहेत. पुढच्या करारात मक्ता तेवढा वाढतो. ज्या जमिनीला बेस आहे तिचा मक्ता जास्त, विकायला काढली तर किंमत जास्त. म्हणजे कसणाऱ्याच्या खात्यात ऑक्टोबरात आलेला पैसा जानेवारीत मालकाच्या खात्यात जातो, आणि तो मालक कित्येकदा स्वतःच्या आजोबांची जमीन वारशानं मिळालेला, डॅलसमध्ये राहणारा नातू असतो.

माझ्याकडे एक तरुण जोडपं येतं. बाराशे एकर कसतात, त्यातली स्वतःची जमीन ऐंशी एकर. गेल्या चार वर्षांत मदतीचा आकडा वाढला की दुसऱ्या वर्षी मक्ता वाढलाच. त्यांच्या हातात राहिलेली रक्कम मी दरवर्षी त्यांना काढून दाखवते आणि दरवर्षी वाईट वाटतं.

---

तिसरा_मजला

मी शेतकरी नाही, इथे कर भरणारा एक साधा नोकरदार. मनापासून विचारतो, राग मानू नका. बाराशे एकरवाल्याला मदत का? माझ्या गल्लीतलं किराणा दुकान बंद पडलं तेव्हा कुणी भावफरक दिला नाही. आणि कुणाला किती मिळालं त्याची यादी म्हणे सगळ्यांना बघता येते?

---

जमाखर्च

हो, दिसते. माहितीच्या कायद्याखाली कृषी खात्याकडून नोंदी मिळवून एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप ही संस्था १९९५ पासूनच्या रकमा काउंटीवार, नावानिशी मांडते. कुणीही आपली काउंटी उघडून शेजाऱ्याचा आकडा पाहू शकतो. छोट्या गावात याचा त्रास होतो, चर्चमध्ये, कॉफीच्या टेबलावर कुजबुज होते. तरीही मला वाटतं यादी उघडी असावी. पैसा सगळ्यांचा आहे.

मात्र तिच्यात सगळं नसतं. पीकविम्याचा हप्ता सरकार सरासरी साठ टक्क्यांवर भरतं, पण कुणाच्या विम्यासाठी किती भरलं ते नावानिशी उघड होत नाही, कायद्यानंच ती माहिती झाकलीय. भावफरकाला माणशी मर्यादा आहे, आधी १,२५,००० डॉलर होती, नव्या कायद्यानं १,५५,००० झाली. विम्याच्या अनुदानाला अशी मर्यादाच नाही.

आणि 'माणशी' या शब्दात मोठी फट आहे. पती-पत्नीला दोन मर्यादा मिळतात. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदाराला वेगळी. २०१८ च्या कायद्यानं पुतणे, भाचे, चुलत भावंडंही कुटुंबात धरली. आपल्याकडे सीलिंगच्या वेळी जमिनी कुणाकुणाच्या नावावर झाल्या ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

---

माणगंगा

गुरांकडे कुणी वळलं नाही म्हणून मी लिहिते. मी पशुवैद्य, अमरिलोजवळ, म्हणजे लबकच्या उत्तरेला दोनेक तासांवर. माहेर माण तालुक्यात. शाळेत असताना दुष्काळात आमच्या दोन म्हशी चारा छावणीत होत्या आणि दादा तिथेच झोपायचा.

इथल्या रँचरला, म्हणजे चराऊ रानात गुरं पाळणाऱ्याला, भावफरक वगैरे मिळत नाही, गाईला बेस एकर नसतो. त्याच्यासाठी मुख्य योजना दुष्काळातल्या चराईची. दर गुरुवारी देशाचा दुष्काळाचा नकाशा निघतो, नेब्रास्का विद्यापीठातलं केंद्र आणि सरकारी खाती मिळून तो करतात. पिवळ्यापासून गडद लालपर्यंत रंग. चराईच्या हंगामात काउंटीच्या कुठल्याही भागावर शेवटून दुसरा, म्हणजे लाल रंग आला की तीन महिन्यांच्या चाऱ्याच्या ठरीव खर्चाच्या ६० टक्के रक्कम मिळू शकते. सर्वांत गडद रंग चार आठवडे टिकला तर पाच महिन्यांची. छावणी नाही, रांग नाही, गुरं आपल्याच रानात.

पण रंग ठरतो काउंटीवर. काउंटीच्या एका कोपऱ्यात रंग चढला तर दुसऱ्या टोकाला पाऊस पडलेल्यालाही पैसे. आणि कुंपणाच्या पलीकडची काउंटी एक पायरी खाली असेल तर तिथलं गवत तितकंच जळालेलं असूनही कमी पैसे, नाहीतर काहीच नाही. गुरुवारी सकाळी लोक नकाशाची वाट पाहतात. गावात पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं त्याचा सरकारी अंदाज, जाहीर व्हायच्या दिवशी माझे वडील असेच बसायचे. पन्नास पैशांच्या खाली आली तर सवलती, एक्कावन्न आली तर काही नाही.

दुसरी योजना मेलेल्या गुरांची, बाजारभावाच्या ७५ टक्के. २६ फेब्रुवारी २०२४ ला पॅनहँडलमध्ये, म्हणजे टेक्सासच्या या उत्तरेकडच्या टोकात, स्मोकहाउस क्रीकची आग लागली, दहा लाख एकरांवर रान जळालं, टेक्सासच्या इतिहासातली सर्वांत मोठी. हजारो गुरं मेली. त्या आठवड्यात मी रानात होते. मेलेली गुरं लवकर पुरावी लागतात, पण मदतीसाठी आधी फोटो हवेत, मोजणी हवी, तिऱ्हाइताची सही हवी. एक सत्तरीचे रँचर एकेका गाईजवळ थांबून फोनवर फोटो काढत होते आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर मोठ्यानं वाचत होते. मी लिहून घेत होते. ज्या गाई जगल्या पण सड भाजले, ज्यांना नंतर मारावं लागलं, त्यांचे कागद जुळवणं सगळ्यांत अवघड गेलं.

---

बाभूळबन

ताई, वाचून डोळ्यात पाणी आलं. बैल गेला तवा पंचनाम्याले तलाठी येईस्तोवर आम्ही दोन दिवस त्याले झाकून ठेवलं होतं.

---

रेवातीर

चर्चेत एक गोष्ट राहून जातेय. ही काउंटीची कचेरी चालते कशी? प्रत्येक काउंटीत शेतकऱ्यांनी निवडून दिलेली समिती असते, ३ ते ११ सदस्य, तीन वर्षांची मुदत. १९३० च्या दशकापासूनची पद्धत. कल्पना उत्तम: ज्यांना तिथली माती कळते त्यांनीच ठरवावं. पण दक्षिणेतल्या काउंट्यांमध्ये या समित्यांवर पिढ्यानपिढ्या गोरे जमीनदारच असत. काळ्या शेतकऱ्याचा कर्जाचा अर्ज पेरणी उलटेपर्यंत पडून राही, पीक हातचं जाई आणि मग जमीनही. १९९९ मध्ये कृषी खात्याविरुद्धच्या पिगफर्ड खटल्यात तडजोड होऊन हजारो काळ्या शेतकऱ्यांना प्रत्येकी ५०,००० डॉलर भरपाई मिळाली. ज्यांचे दावे मुदतीत पोहोचले नव्हते त्यांच्यासाठी २०१० मध्ये आणखी १.२५ अब्ज. त्याच वर्षी मूलनिवासी शेतकऱ्यांच्या कीप्सईगल खटल्यात ७६ कोटी डॉलरची तडजोड.

बेस एकरांकडे मी याच नजरेनं पाहते. तो इतिहासावर दिलेला पैसा आहे. ज्याच्याकडून जमीन गेली त्याच्या नावावर इतिहासच उरला नाही.

---

काळी_माती

रेवाताई, तुमचं शेवटचं वाक्य दिवसभर डोक्यात राहिलं. आमच्या गावात मक्त्यानं शेती करणारी निम्मी माणसं सातबाऱ्यावर कुठेच नाहीत. त्यांना पीएम-किसानचे सहा हजार नाहीत, राज्याचे सहा हजार नाहीत. २०२३ च्या खरिपाच्या कापूस-सोयाबीनला राज्यानं दोन हेक्टरपर्यंत हेक्टरी ५,००० दिले, ते ई-पीक पाहणीवर, पण पैसे गेले खातेदाराला.

तिसरा_मजला, तुमचा प्रश्न रास्त आहे. मला जे दिसतं ते सांगतो. कोरडवाहू कापसाचा माणूस मार्चमध्ये बँकेतून बी, खत, डिझेलसाठी कर्ज काढतो. जूनमध्ये वाळूचं वादळ आलं तर दोन पानांवरची रोपं एका दुपारीत कापली जातात, अक्षरशः वाळूनं कापल्यासारखी. पुन्हा पेरा, नाहीतर सोडून द्या. विमा आणि ही रक्कम नसेल तर पुढच्या मार्चमध्ये कुठलीही बँक दारात उभं करणार नाही. आजोबांच्या फाईलीत अशी चार वर्षं आहेत ज्यात नफ्याचा आकडा आणि सरकारी रकमेचा आकडा जवळपास एकच आहे. म्हणजे पिकानं त्या वर्षी काहीच दिलं नाही.

पण हेही खरं की ज्याच्याकडे सर्वांत जास्त बेस, त्याला सर्वांत जास्त पैसा. शेजारच्या सहा हजार एकरवाल्याला तो पैसा लिलावात उपयोगी पडतो आणि तो आजोबांसारख्याचीच जमीन घेतो.

---

जुना_जाणता

कापसाचा विषय आहे तर ब्राझीलची आठवण द्यायला हवी. २००२ मध्ये ब्राझीलनं जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध तक्रार केली. निकाल ब्राझीलच्या बाजूनं लागला, २००५ मध्ये अपिलातही टिकला. २००९ मध्ये ब्राझीलला उलट शुल्क लावायची मुभा मिळाली. मग अमेरिकेनं काय करावं? स्वतःची पद्धत तात्काळ बदलण्याऐवजी ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या संस्थेला वर्षाला १४.७३ कोटी डॉलर द्यायला सुरुवात केली आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. म्हणजे अमेरिकी करदाता दोन देशांच्या कापसाला पैसे देत होता.

बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी २००३ पासून हाच प्रश्न मांडला. त्यांना असं काही मिळालं नाही. आपल्या विदर्भालाही नाही. २००१-०२ च्या हंगामात जगात रुईचा भाव पौंडाला ४० सेंटच्या आसपास घसरला होता, लबकच्या शेतकऱ्याला फरक मिळत होता आणि तो पेरत राहिला. विदर्भाचं दुःख फक्त त्यातून आलं असं मी म्हणणार नाही, कर्ज, पाणी, बियाणं, एकाधिकार खरेदीचं कोसळणं, सगळंच होतं. पण खाली ढकलणाऱ्या हातांत तोही एक हात होता.

तडजोडीच्या सुमारास, २०१४ च्या कायद्यात, कापूस भावफरकातून बाहेर काढला. २०१८ मध्ये तो परत आला, या वेळी रुई म्हणून नाही, 'सरकीसकट कापूस' म्हणून.

---

काळी_माती

अरे! म्हणून तो विचित्र भाव! मला कोडं पडलं होतं की इथे सरकीसकट कापूस कुणीच विकत नाही, मग त्याचा भाव आला कुठून. रुई आणि सरकी या दोन्हींच्या भावांवरून तो कागदावर काढतात. आपल्याकडे 'कापूस' म्हणजे तोच, शेतकऱ्याच्या घरातला.

---

बाभूळबन

जुनाजाणता काका, ते साल मले आठवते. वडिलांनी घरात भरलेला कापूस फेब्रुवारीपर्यंत ठेवला, भाव वाढल म्हणून. छपरापर्यंत कापूस, आम्ही पोरं त्याच्यावरच झोपायचो, अंगाले खाज सुटे. शेवटी पडेल भावात गेला. त्या वर्षी मोठ्या बहिणीचं लग्न पुढं ढकललं. तवा वाटलं आपल्या बाजारातच खराबी हाय. आज कळलं की लांब कुठंतरी दुसऱ्याच्या वडिलाले त्याच कापसाचा फरक भेटत होता.

त्या आजोबाचा मले राग नाही. त्यानं काय केलं, कापूसच लावला ना. पण २०२५ च्या ऑगस्टमंदी आपल्या सरकारनं बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरपर्यंत काढून टाकलं, तवा आमचा कापूस बोंडातच होता. त्याचा राग हाय.

---

तिसरा_मजला

उत्तरांबद्दल आभार. माझं मत थोडं बदललं. मदत असावी, पण ती कसणाऱ्याच्या जोखमीला मिळावी, जमिनीच्या जुन्या नोंदीला नाही. असं काही आहे का तिथे?

---

जमाखर्च

थोडंफार आहे. २०२४ च्या पिकासाठी मार्च २०२५ मध्ये १० अब्ज डॉलरची तातडीची मदत निघाली, ती प्रत्यक्ष पेरलेल्या एकरांवर होती, कापसाला एकरी ८४.७४ डॉलर. माझ्या त्या तरुण जोडप्याला ती थेट मिळाली. डिसेंबर २०२५ मध्ये आणखी १२ अब्ज जाहीर झाले. पण अशी मदत दरवर्षी येईल याची खात्री नसते, बँक तिच्यावर कर्ज देत नाही. नव्या कायद्यात ३ कोटींपर्यंत नवीन बेस एकर घालायची तरतूद आहे, अलीकडच्या पेरणीवरून. त्यांच्या मक्त्याच्या जमिनीवर बेस वाढला तर चांगलं, पण तो बेस जमिनीला चिकटणार आणि जमीन मालकाची. त्यांनी मला विचारलं, मालकाला ही तरतूद सांगावी का? पेरणीचा इतिहास त्यांचा, घामही त्यांचा. सांगितलं तर पुढच्या वर्षी मक्ता वाढेल. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

---

काळी_माती

काल रात्री बाबांना पूर्ण हिशेब वाचून दाखवला, बेस एकर, बटईचा चौथा हिस्सा, सगळं. त्यांनी विचारलं, आजोबांची मुलं शेती करतात का. म्हटलं, नाही, एक ऑस्टिनला आहे, एक डेन्व्हरला. पुढच्या वर्षीपासून काही वाळवट जमीन ते दहा वर्षांच्या गवताच्या करारात टाकायचं म्हणताहेत, १९८५ पासूनची योजना आहे, पेरायचं नाही, गवत राखायचं, सरकार एकरी भाडं देतं. धूळ कमी उडते. पण तेवढा कापूस जिनिंगला जात नाही, आणि जवळची एक जिनिंग आधीच बंद पडलीय.

बाबा म्हणाले, "त्याईले सांग, पहिला पाऊस पडला की एकदा फोन लावतो म्हणा. मले बोलाचं हाय त्याईच्याशी." दुभाषी मी आहेच. मे महिन्यात लावून देईन.